मोज चालू असताना मध्ये बोलू नये

रेल्वेत लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला माझ्या आईची गोष्ट सांगण्यात आली. भूत म्हणून.

जालन्याच्या पुढच्या एका लहान स्टेशनाजवळ आमची गँग खडी भरत होती. दुपारची सुट्टी झाली, सगळे बाभळीखाली डबे सोडून बसले. गँगचे मुकादम वयाने मोठे, त्यांना सगळे मामा म्हणायचे. नव्या माणसाला ती गोष्ट सांगायचीच, अशी तिथली रीत होती.

"ते फाटक दिसून राह्यलं ना," मामा म्हणाले, "तिथं एक बाई हाय. दुपारच्या टायमाला निघती अन् मेंढरं मोजती. मेंढरं दिसत न्हाईत, निस्ती बाई दिसती, बोटं हलवताना. तिची मोज चालू असली का मदी बोलायचं न्हाई. मदी बोललं की तिची मोज चुकती. मोज चुकली की ती रुळावर हुडकायला जाती. अन् मंग गाडी येती."

दुसऱ्या एकाने लगेच तिचे पाय उलटे केले. तिसऱ्याने केस मोकळे सोडले. मी भाकरी चावत ऐकत होते. माझ्या मायचे पाय अगदी सरळ होते, टाचांना भेगा होत्या, आणि केस मोकळे सोडायला तिला आयुष्यात सवड मिळाली नव्हती. हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी म्हटलं, भाजी चांगली झालीय. मामांना वाटलं पोरगी घाबरली. घाबरले नव्हते, चिडले होते. मेलेल्या बाईला नाव नाही, गाव नाही, आणि वर पाय उलटे.

खरं काय झालं ते मला माहीत होतं. सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, आणि तिथेच सगळं दुखणं होतं.

आम्ही धावड्याचे, भोकरदन तालुक्यातले. आमच्या घराण्यात मेंढरं. दिवाळी झाली की दादा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन खाली जालन्याकडे उतरायचे. रिकाम्या झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीचं खत शेतकऱ्याला मिळायचं, आम्हाला चारा आणि दाणे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर मी. घोड्याच्या एका अंगाला दोरीची जाळी लटकवलेली असायची, तिच्यात नुकतीच जन्मलेली, चालता न येणारी कोकरं. पुढे दादा, मागे माय.

कुठलीही वाट, ओढा, रस्ता ओलांडला की पलीकडे थांबून मोजायचं, हा दादांचा नेम होता. ते विसांत मोजायचे. एक वीस झाले की एक बोट दुमडायचं. आमच्याकडे विसाला इसा म्हणतात. आमचा कळप दोन इसा न् सात, म्हणजे सत्तेचाळीस. आधी जाळीतली कोकरं मोजायची, मग चालणारी मेंढरं.

मी सात वर्षांची होते. त्या दिवशी जाळीत सहा कोकरं होती, एकमेकांत गुंतलेली, आणि त्यातलं एक सारखं थरथरत होतं. दादांनी सकाळीच दम दिला होता, कोकराला हात लावलास तर फोडून काढीन. माणसाचा वास लागला की मेंढी कोकराला जवळ करत नाही, म्हणून. पण ते थरथरणं मला बघवेना. मी हळूच ते जाळीतून ओढलं आणि घोंगडीखाली मांडीवर घेतलं. ते गप्प झालं. मला इतकं बरं वाटलं होतं की ते ऊन, ती ऊब अजून आठवते.

आम्ही रूळ ओलांडला. तेव्हा छोटी लाईन होती, फाटक नव्हतं, नुसती बैलगाडीची वाट. पलीकडे थांबून दादांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"दोन इसा न् सहा," ते म्हणाले. "जाळीतलं एक कमी हाय. चढावर पडलं वाटतं. बघून ये बरं."

माय मागे फिरली. मी तोंड उघडलं होतं. ते कोकरू माझ्या मांडीवर होतं, त्याचं काळीज माझ्या पोटाला लागत होतं. दादांच्या हातात काठी होती. मी तोंड मिटलं.

वारा उलटा होता, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि माय खडीत वाकून शोधत होती. गाडी ऐकू न यायला एवढंच पुरेसं झालं.

लोक धावले, कुत्री भुंकायला लागली, दादा पलीकडे पळाले. त्या गोंधळात मी कोकरू परत जाळीत सरकवलं. हे लिहू नये असं अजून वाटतं. पण सरकवलं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मेंढरं मोजली. सत्तेचाळीस भरली. दादांनी ते ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "माझी मोज चुकली." त्यानंतर मायच्या मरणाबद्दल आयुष्यभर त्यांनी हे एकच वाक्य बोलून दाखवलं. त्या कोकराला त्याच्या मेंढीने दूध दिलं नाही. चार दिवसांनी तेही गेलं.

दादांनी कळप विकला. दुसरं लग्न केलं नाही. लोकांच्या रानात कामाला जायचे. आणि त्यांनी मोजणं सोडलं ते सोडलंच. कडब्याच्या पेंढ्या असोत की पाहुण्यांसाठी मांडायची ताटं, मला हाक मारायचे, "मोज गं जरा." सातव्या वर्षापासून आमच्या घरात मोजायचं काम माझं. गावात बायका म्हणायच्या, हिचा आवाज अगदी मायचा आहे, डोळे मिटून ऐकलं तर फसायला होतं. दादा हे ऐकून उठून जायचे.

मला बोलायचं नव्हतं असं नाही. दहावीला असताना ठरवलं, लग्नाच्या आदल्या दिवशी ठरवलं. दरवेळी त्यांच्याकडे बघितलं की वाटायचं, आज नको. चूक माझी आणि शिक्षा ते भोगतायत, हे ज्याला रोज दिसतं त्याने बोलायला हवं. पण जितके दिवस जातात तितकं ते जड होतं. एक दिवस उशीर झाला तर माफी मागता येते. वीस वर्षं उशीर झाल्यावर कुठल्या तोंडाने मागायची?

मोजण्यात पक्की होते, म्हणून शाळेत टिकले. बारावी झाले, रेल्वेची ग्रुप डीची परीक्षा दिली, पास झाले. दादा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कुठं टाकतील तुला?" मी म्हटलं, माहीत नाही. माहीत नव्हतंही. जालन्याच्या गँगमध्ये टाकलं, आणि पुढे काही वर्षांनी, माझं बिऱ्हाड नवीन जालन्यात बसल्यावर, त्याच फाटकावर.

लाईन कधीच मोठी झाली होती. बैलगाडीच्या वाटेचा डांबरी रस्ता झाला होता. तिथे खोली होती, फाटक पाडायचं चक्र होतं, फोन होता. आणि भरावाच्या पायथ्याशी गँगवाल्यांनी शेंदूर फासून ठेवलेला एक धोंडा. त्यावर लिंबू, काळी बाहुली, असलं काहीबाही. मी पहिल्याच दिवशी ते उचलून फेकलं. माझ्या मायला लिंबू कशाला? तिला आयुष्यात पोटभर चहा मिळाला असता तरी पुष्कळ झालं असतं. मी रोज डब्यातला चहा निघाला की पहिलं झाकण त्या धोंड्यावर ओतायला लागले.

माझ्या जोडीदाराने, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या गेटमनने, पहिल्याच महिन्यात हात जोडले. "ताई, दुपारची ड्युटी तुमीच करा. रातची मी बिलकुल करतो, कितीबी करतो. दुपार नको." रात्रीला न भिणारा माणूस दुपारला भितो, याचं मला हसू आलं. पण लवकरच कळलं.

रस्त्याने आजही कळप जातात. फाटक उघडं असलं तरी दुपारी त्या जागी मेंढरं थांबतात. हाकलली तरी हलत नाहीत. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, धोंड्याकडे. मिनिटभर तशीच उभी राहतात, आणि मग कुणीतरी सोडल्यासारखी चालू लागतात. मेंढके आपापसांत बोलत नाहीत तेवढा वेळ. त्यांनाही ठाऊक आहे. मोज चालू आहे.

आणि फोन. दीड-दोनच्या सुमाराला कधीतरी तो अर्धाच वाजायचा. घंटेचा एक तुकडा, बस. उचलला की पलीकडे वारा. वाऱ्यात कुणीतरी पुटपुटतंय. आकडे नीट कळायचे नाहीत, पण चाल कळायची, वीसवर आली की जराशी थांबणारी. लोकरीचा ओला वास यायचा, खोलीत कुठेही ओल नसताना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीला धरून बसले. खरं सांगते, भीती वाटली. ती माझी माय आहे हे माहीत असून वाटली. मग दुसऱ्या वेळेपासून मी वाट बघायला लागले.

एकदा न राहवून बोलले, "माय?" पुटपुटणं तुटलं. त्याच क्षणी बाहेर खडी वाजली, कुणीतरी भराभर भरावावर चढत असल्यासारखी. मी बाहेर पळाले. कुणी नव्हतं. पाच मिनिटांत मालगाडी धडधडत गेली आणि मी रुळाकडे बघूच शकले नाही. मामांनी सांगितलेलं पटलं. त्यानंतर मी नुसती ऐकायची. घरी जेवताना नवरा विचारायचा, आज गप्प का? मी म्हणायचे, ऊन लागलं. आपल्या आईचा आवाज रोज ऐकायला मिळतो हे कुणाला सांगणार, आणि ती काय शोधते आहे ते कसं सांगणार?

आता त्या दिवसाचं सांगायचं, तर आधी फाटकाची एक पद्धत सांगायला हवी. गाडी यायची असली की स्टेशनमास्तर फोन करतो. आपण फाटक पाडायचं, कुलूप लावायचं, आणि मग जवळच्या छापील कागदावरचा पुढचा आकडा त्याला फोनवर सांगायचा. कागदावर आकडे वाटेल तसे दिलेले असतात, क्रम नसतो, आणि तो कागद फक्त फाटकवाल्याजवळ असतो. त्या आकड्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकडा मिळाला म्हणजे फाटक बंद आहे, असं स्टेशनमास्तर धरतो आणि गाडी सोडतो. सांगितलेला आकडा खोडायचा, सही करायची. सगळा भरवसा त्या एका आकड्यावर.

कापूस वेचणीचे दिवस होते. मला दोन दिवसांपासून ताप होता. रजा मागितली नाही, बदली माणूस नव्हता. दुपारी स्टुलावर बसले, भिंतीला डोकं टेकलं, आणि झोपले. फाटकावरच्या माणसाने झोपणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

जाग आली ती इंजिनाच्या भोंग्याने. मी धडपडत बाहेर आले. गाडी समोरून जात होती, डब्यामागून डबा. आणि फाटक पडलेलं होतं. कुलूप लागलेलं होतं. पलीकडे कापूस वेचणाऱ्या बायकांनी खचाखच भरलेली जीप उभी होती, बंपर फाटकाला जेमतेम न लागलेला.

मी हात बघितले. सकाळीच मी चक्राला ग्रीस लावलं होतं. चक्र फिरवलं की तळहात काळे होतातच. माझे तळहात स्वच्छ होते.

फोन वाजला, पूर्ण, नेहमीसारखा. स्टेशनमास्तर होते, तरुण माणूस, स्वभावाने हसरा.

"ताई, आज हे काय नवीन? प्रायव्हेट नंबर विसांत सांगतात का कुणी? माझी आजी तसं मोजायची म्हणून कळलं."

"काय सांगितलं मी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"दोन इसा न् सहा. सेहेचाळीस ना? मी तेच लिहिलंय. आणि मग म्हणालात, एक हुडकून राह्यले. काय हरवलंय तुमचं?"

मी कागद उघडला. शेवटचा खोडलेला आकडा सकाळचा होता. त्याच्याखालचा, न खोडलेला, सेहेचाळीस.

"सापडेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग पेन घेतलं, तो आकडा खोडला आणि सही केली. मेलेल्या बाईच्या कामावर माझी सही. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि नोकरी जायला हवी होती असं मला आजही वाटतं. पण मी सही केली. गप्प बसण्यात मी लहानपणापासून तयार आहे.

फाटक उघडलं. जीप हळूहळू पुढे आली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. ड्रायव्हरला थांबवून ती म्हणाली, "बाई, तू आडवी झालीस म्हनून वाचलो. हा भडवा घुसवीतच व्हता गाडी." मग माझ्या केशरी जाकिटाकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मघाशी लुगड्यात व्हतीस की. कासोटा खोचलेला. एवढ्यात जाकीट कवा घातलं?"

जीप गेली. मी धोंड्यापाशी जाऊन बसले आणि पोटभर रडले. तिने बारा-पंधरा बायका वाचवल्या होत्या, माझी नोकरी वाचवली होती, आणि एवढं करून ती परत शोधायला गेली होती. एक हुडकून राह्यले. अडतीस वर्षं.

त्याच संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. दादांनी अन्न सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला बस बदलून मी धावड्याला गेले. दादा ओसरीवर बाजेवर पडलेले, अंग इतकं हलकं झालेलं की बाजेला झोळ पडला नव्हता. मी पायाशी बसले. या वेळी ठरवलं वगैरे काही नाही. तोंडातून निघालं.

"दादा, कोकरू माझ्या मांडीवर व्हतं."

त्यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं. घोंगडी, काठी, मिटलेलं तोंड, परत जाळीत सरकवणं. मग फाटक, फोन, विसांतला आकडा, जीपमधली म्हातारी. ते छताकडे बघत होते. ओसरीवर ऊन सरकत होतं.

"मेंढीनं त्याला पाजलं न्हाई," ते म्हणाले. "तवाच मनात आल्तं. मान्साचा वास लागल्याबिगर मेंढी अशी करत न्हाई. पन इचारलं न्हाई."

"का न्हाई इचारलं?"

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतं. मंग म्या तुला काय केलं असतं, मलाच ठाऊक न्हाई. तू एकटीच उरल्ती. म्हनून म्हनलं, माझीच मोज चुकली."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला, तिथे जरा वेळ राहिला, आणि मग त्यांनी विचारलं ते मी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

"तिला कुनी सांगितलं का?"

"काय?"

"कोकरू घावलं म्हनून. ती अजून हुडकून राह्यली म्हन्तीस. मंग तिला कुनी सांगितलंच न्हाई का, बाई?"

मी म्हटलं, मोज चालू असताना मध्ये बोललं की ती रुळावर जाते.

"ती आकडा इचारत न्हाई. कोकरू इचारती," दादा म्हणाले. "जा, सांग तिला. अन् मंग मला येऊन सांग, काय म्हनली. तवर मी हाय."

परत आले तेव्हा फाटकाचे चार दिवस उरले होते. शेजारी भुयारी रस्ता खणून तयार होता, फाटक कायमचं बंद होणार, आम्हाला दुसरीकडे टाकणार. पहिल्या दिवशी फोन अर्धा वाजला, मी उचलला, पुटपुटणं ऐकलं, आणि बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. खरं कारण लिहिते. भीती वाटली म्हणून नाही. कोकरू सापडलं कळलं की ती जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. सात वर्षांची असताना काठीला भिऊन गप्प बसले. आता माया होती म्हणून गप्प बसले. तिच्यासाठी दोन्ही सारखंच. तिकडे दादा दोन घोट पाण्यावर माझी वाट बघत होते, आणि मी इथे रोज एक दुपार चोरत होते.

तिसऱ्या दिवशी फोन वाजलाच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटची गाडी काढून दिली, रस्ता अडवायला खांब पुरले गेले. बाराच्या सुमाराला फोनवाले आले आणि त्यांनी वायर कापली. फोनचा डबा संध्याकाळी घेऊन जातो म्हणाले आणि जेवायला गेले. मी त्या मुक्या डब्याकडे बघत बसले. स्वतःचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. दादांना काय सांगणार होते? की याही वेळी तोंड मिटलं?

चहाचं झाकण भरून धोंड्याकडे निघाले, तेव्हा मागे घंटा वाजली. अर्धी.

वायर टेबलावरून खाली लोंबत होती, टोकाला तांबं चमकत होतं. माझ्या हातातला चहा पायावर सांडला, तो भाजल्याचं मला नंतर कळलं. मी फोन उचलला. वारा. लोकरीचा वास इतका दाट की श्वास अडकला. आणि आवाज, आज अगदी जवळ, माझाच असावा तसा. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. एक इसा झाला. ती थांबली. दोन इसा झाले. एक, दोन, तीन, चार, पाच.

"दोन इसा न् सहा," ती म्हणाली. बाहेर खडी वाजायला लागली.

"माय," मी म्हटलं, "कोकरू माझ्याजवळ हाय. माझ्या मांडीवर हाय. म्या घेतलं व्हतं."

खडीचा आवाज थांबला.

वाराही थांबला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मी वाट बघत होते, शिव्यांची, किंकाळीची, त्या सगळ्याची जे भुतांच्या गोष्टीत असतं. मग ती बोलली. चिडलेली नव्हती. दमलेल्या बाईने पोरीला बोलावं तसं बोलली.

"मंग आदीच बोलायचं न्हाई का, बाई."

आणि फोन खरोखरच मुका झाला. बाहेर आले तर रुळावर ऊन होतं आणि कुणी नव्हतं. थोड्या वेळाने खालच्या भुयारी रस्त्याने एक कळप आला आणि न थांबता गेला. मी एकेक मेंढरू जाताना पाहिलं. कुणाचंही तोंड वळलं नाही.

धावड्याला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दादांनी माझ्या पावलांच्या आवाजावर डोळे उघडले. ओठ सुकले होते.

"काय म्हनली?"

"म्हनली, मंग आदीच बोलायचं न्हाई का, बाई."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी ते हसू पहिल्यांदा पाहत होते, कारण आधीचं मला आठवत नाही. "तिचंच बोलनं हाय," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले, उजवा हात घोंगडीतून बाहेर काढला, आणि अडतीस वर्षांनी मोठ्याने मोजायला लागले. आधी जाळीतली कोकरं, सहा. मग चालणारी मेंढरं, सावकाश, एकेक. एक इसा झाला तसं एक बोट दुमडलं. चुलतभाऊ दारातून काहीतरी विचारायला आत आला, त्याला मी हाताने थांबवलं. दादांचा आवाज बारीक होत गेला, मध्ये मध्ये तुटत होता, तोंडात पाणी घालावं असं फार वाटलं. दुसरं बोट दुमडलं. ते सातवर पोचेपर्यंत मी मध्ये बोलले नाही.